पातेल्याच्या पोटातल्या कळंकाची कहाणी

ऐक सूर्यनारायणा, तुझ्या तांब्याची कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात तांबट आळी होती. दिवस उगवला की हातोडे वाजत, दिवस मावळला की थांबत. आळीत एक तांबट होता, त्याला दोन सुना होत्या. थोरली म्हाळसा, धाकटी चिमा. चिमा गरिबाघरची, नवी, अबोल. म्हाळसा भांडी घासण्यात गावात पहिली. राख घेई, चिंच घेई, मीठ घेई; हंडा घाशी, घागर घाशी, पातेलं घाशी. भांड्यात तिचं कुंकू दिसे. लोक म्हणत, "तांबटानं घडवावं, म्हाळसेनं उजळावं." ती ऐके, मनात फुगे.

एके आदितवारी दारी एक म्हातारी आली. पाठीवर भाता, हाती कथील. म्हणाली, "मुली मुली, भांड्याच्या आत डोकावलीस का? कल्हईचा पांढरा लेप उडाला असेल, तर लावून देते." म्हाळसा म्हणाली, "आजी, हात राखेत आहेत. मागून या." दुसऱ्या आदितवारी आली. "आजी, हात चिंचेत आहेत. मागून या." तिसऱ्या आदितवारी आली. "आजी, हात डोहाळजेवणाच्या पिठात आहेत. आणि तांबटाच्या घरी कल्हई विचारता? सोनाराचे कान टोचायला निघालात का?" म्हातारी हसली. "तांबं पाण्याचं सोयरं, आंबटाचं वैरी. आतून बघ हो, बाहेरून जग बघतंच." असं म्हणाली, निघून गेली.

डोहाळजेवण कुणाचं? नणंद अंबूचं. सातवा महिना लागला, माहेरी आली. म्हणाली, "वहिनी, मला तुझ्या हातचं चिंचेचं सार हवं." मग म्हाळसेनं आदल्या सांजेला सार केलं, सगळ्यांत लखलखीत पातेल्यात केलं, त्यातच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अंबूला पाटावर बसवलं, फुलांनी सजवलं, ओटी भरली. चिमानं साराची वाटी हाती दिली. अंबूनं घोट घेतला, नाक मुरडलं. "कडवट लागतंय ग." बायका हसल्या, "डोहाळ्यांची जीभ ती!" अंबूनं वाटी रिकामी केली.

मग घटका गेली. अंबूनं पोट धरलं. ओकली, ओकली, पुन्हा ओकली. डोळे फिरले, पाटावरून आडवी झाली. फुलांचा मुकुट घरंगळत उंबऱ्याशी गेला. गाणारीचं गाणं अर्ध्यात तुटलं. हसत्या बायकांचे हात तोंडावर तसेच राहिले.

वैद्य आला, नाडी पाहिली. म्हणाला, "पोटात विष आहे. कोणतं ते कळल्यावाचून उतारा देता येत नाही. लवकर सांगा, नाहीतर दोन जीव जातील."

सासू चिमाकडे वळली. "वाटी कुणी दिली?"

"मी दिली, सासूबाई."

"काय कालवलंस त्यात?"

"काही नाही. ओगराळ्यानं ओतलं, एवढंच."

"परक्याची पोर, माझ्या लेकीवर उठली! बोल, कोणतं विष?" चिमाला काय ठाऊक? ती अंगणात जाऊन रडू लागली. कुणी म्हणालं, "पातेलं तरी पाहा." सासू म्हणाली, "म्हाळसेचं पातेलं? त्यात तोंड दिसतं! त्यात काय बघायचं?"

म्हाळसा आत गेली. पातेलं उचललं. बाहेरून तिचा चेहरा दिसला, नथ दिसली, कुंकू दिसलं. मग आत डोकावली. कल्हई कधीच गेली होती. तिच्याच हातांनी घासून घासून गेली होती. आंबटानं तांबं कळकलं होतं, कडेनं हिरवं वळं उमटलं होतं, मोराच्या मानेसारखं. तांबटाच्या घरात कळंक! जे आळीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक, ते तिला दिसलं नव्हतं.

शेजारी चिंचेचा गोळा होता. तिनं उचलला. दोन हात फिरवले की हिरवं जाणार, कुणाला कळणार नाही. तोच माजघरात अंबू कण्हली, अंगणात चिमा हुंदकली. म्हाळसेच्या हातातली चिंच गळून पडली. मग तिनं पातेलं अंगणात आणलं, त्याचं तोंड सूर्याकडे केलं. म्हणाली, "वैद्यबुवा, हे विष. चिमानं नुसतं वाढलं. केलं मी."

सासरा पुढे आला. आयुष्य तांब्यावर गेलेला माणूस, त्यानं पातेलं उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिलं. वैद्यानं कळंक पाहिला, उतारा उगाळला, अंबूला पाजला. दिवस कलता कलता अंबूनं डोळे उघडले, पोटातलं बाळ हललं. सासूनं चिमाला पोटाशी धरलं.

दारात म्हातारी उभी. म्हणाली, "हात मोकळे झाले का ग?"

म्हाळसेनं पाय धरले. "आजी, मला वसा सांगा." "सांगेन, पण उतशील, मातशील, टाकून देशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." मग म्हातारीनं वसा सांगितला. "आदितवारी न्हावं. तांब्यानं सूर्याला अर्घ्य द्यावं. घासण्याआधी एकेका भांड्याचं तोंड उन्हाकडे करावं, आत डोकावावं. लेप उडाला तर कल्हई लावावी. तांब्यात पाणी भरावं, आंबट ठेवू नये. आणि दुसऱ्याला दोष देण्याआधी आपलं भांडं पाहावं." वसा सांगितला, भाता पेटवला, पातेलं पांढरं केलं. म्हाळसा कथलाचं मोल द्यायला वळली, तो दारात नुसतं ऊन.

मग अंबूला मुलगी झाली. बारशाला म्हाळसेनं पाणी आणलं. अंबू म्हणाली, "वहिनी, आधी भांडं दाखव." बायका हसल्या, म्हाळसाही हसली. तिनं भांडं कलतं केलं, सगळ्यांना दाखवलं. मग पहिला पेला चिमाच्या हाती दिला.

जसा सूर्यनारायण म्हाळसेच्या पातेल्यात डोकावला, अंबूचे दोन जीव राखून गेला, तसा तुम्हां आम्हां घरोघर डोकावो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, सुफळ संपूर्ण झाली.