मिठाच्या बाहुलीचं नाव

तिचं कुणी खरं मानलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ही गोष्ट सांगणारे ते शेवटाला सांगतात आणि ऐकणारे "अरेरे" म्हणून उठून जातात. चिमा खरं बोलत होती. एकदा नाही, सात वेळा बोलली. सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगितलं. एकानेही मानलं नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका.

फार वर्षांपूर्वी, आपल्या खैरोंडीला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पावसाचे चार महिने ओढा कुणाला पलीकडे जाऊ देत नसे. त्या चार महिन्यांत जे खायचं ते वैशाखाच्या उन्हात करून ठेवायचं. कैरीचं लोणचं, खारातल्या कैऱ्या, नाचणीचे पापड, कोहळ्याचे सांडगे. घरं गवताची आणि गळकी, म्हणून सगळ्या गावाच्या बरण्या नि मडकी देवळामागच्या दगडी खोलीत ठेवत. खोलीची किल्ली पाटलीणबाईंच्या कमरेला. त्यांना सगळे पाटलीणबाईच म्हणत. त्यांचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती.

आणि गावाच्या टोकाला हौसा राहायची. चिंध्यांची हौसा म्हणत तिला. फाटलं लुगडं, विरलेलं धोतर, उंदराने कुरतडलेलं घोंगडं, कुणी काही टाकलं की हौसा उचलायची. त्याच्या गोधड्या शिवायची, डोक्यावरच्या हंड्याखाली घ्यायच्या चुंबळी वळायची, आणि बरण्यांच्या तोंडाला बांधायचे दादरे करायची. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर ताणून बांधलेला फडका. असं म्हणतात, हौसाने बांधलेल्या दादऱ्यापाशी मुंगी आली तर नमस्कार करून माघारी जायची. मुंगीचं मला माहीत नाही. गाठ मात्र अशी मारायची की सोडायलाही तिलाच बोलवावं लागे.

त्या वर्षी पाऊस पंधरा दिवसांवर आला असताना खोली उघडली, तर लोणच्यांवर पांढरी बुरशी. पापड हातात घेतला तर ओल्या पानासारखा लवला. बायकांनी हाय खाल्ली. आणि मग त्यांनी एक चूक केली. जी ती आत धावली आणि आपापली बरणी उराशी धरून अंगणात घेऊन आली. त्या घाईत कुठली बरणी कुठल्या भिंतीला होती, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

हौसाने सगळे दादरे बोटांनी चाचपून पाहिले. म्हणाली, "समद्या बरण्या बिघडल्या न्हाईत. ज्यांचे दादरे ओले त्याच बिघडल्यात. खोलीत कुठनंतरी पाणी येतंय."

"दगडाच्या भिंतीतनं पाणी?" पाटलीणबाई म्हणाल्या. "हौसे, तू आपल्या चिंध्या शीव. कशानं बिघडलं ते मला ठाऊक आहे. ही चिमा बाहेरची बसली होती ना मागल्या आठवड्यात? तेव्हा हिला मी खोलीत शिरताना बघितलंय."

आपल्याकडची रीत माहीत आहे तुम्हाला. बाई बाहेरची बसली की तिने लोणच्याकडे बघायचंही नाही, सावली पडली तरी बरणी नासते म्हणे. चिमा दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, "मी गेलेच नाही आत. किल्ली तर तुमच्या कमरेला हाय." खरं तर इथेच सगळ्यांना उमगायला हवं होतं. पण गावाचं चार महिन्यांचं अन्न गेलं होतं, आणि भ्यालेल्या माणसाला कुणावर तरी बोट दाखवायला मिळालं की बरं वाटतं.

सासूने त्याच दिवशी सांगून टाकलं. तीन दिवसांनी अमावस्या, ती होऊ दे, मग हिला माहेरी नेऊन घाला. परत आणायची नाही. नवरा मान खाली घालून चपलेचा अंगठा ओढत बसला. त्याचं नाव काय होतं ते कुणी लक्षात ठेवलं नाही, आणि बरंच झालं.

हौसा सासूच्या दारात गेली. "तीन दिवस खोली मला दे. किल्ली तुझ्यापाशी ठेव. पाटलीणबाईंना देऊ नगंस, मलाबी देऊ नगंस."

सासूने मागताच पाटलीणबाईंनी किल्ली फेकलीच. रिकाम्या खोलीत काय आहे आता, म्हणाल्या.

मग हौसाने काय केलं, ऐका. जुने दादरे घेतले, ज्यांच्यात दहा-दहा वर्षांचं मीठ मुरलं होतं. त्यांच्या चार बाहुल्या शिवल्या. खडेमीठ तव्यावर खडखडीत भाजलं आणि त्यांच्या पोटात भरलं. कोळशाने डोळे काढले. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार बाहुल्या टांगल्या आणि सासूला म्हणाली, लाव कुलूप.

पाटलीणबाई जाता जाता हसल्या. "काय गं हौसे, भातुकली मांडलीस?"

"व्हय पाटलीणबाई. लगीन बी लावणार हाय. तुम्ही मानाच्या, यायचं."

असं म्हणतात, त्या तीन दिवसांत खोलीतून बाहुल्यांचं कुजबुजणं ऐकू यायचं. तीन कोरड्या आवाजात बोलायच्या आणि एक हुंदके द्यायची. चिमाने तीन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही असंही म्हणतात. तिचं गाठोडं ओसरीवर बांधून ठेवलेलं होतं आणि त्याच्याकडे बघून तिची नणंदही जेवली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सगळं गाव खोलीपुढे जमलं. चिमा गाठोडं घेऊन उभी. सासूने कुलूप काढलं. पहिली बाहुली हलवली, मीठ खुळखुळलं. दुसरी खुळखुळली. तिसरीही. चौथी मागच्या भिंतीकडच्या कोपऱ्यातली. तिचे कोळशाचे डोळे गालांवर ओघळले होते आणि पायाखाली पाण्याचं थारोळं. काही लोक म्हणतात, तिने हात उचलून भिंतीकडे दाखवलं. हाताचं मी मानत नाही. रडण्याचं मानते, मिठाची बाहुली ओलीपाशी रडते, मी पाहिलंय.

सासूने भिंतीला तळवा लावला आणि तो ओला होऊन आला. तशीच ती खोलीमागे गेली. तिथे भिंतीला लागून पाटलांच्या म्हशींचा नवा हौद होता, फाल्गुनात बांधलेला. हौदाला तडा गेलेला. तड्यात माती कोंबलेली, आणि वाळलेल्या मातीत बोटांचे ठसे. एका बोटाच्या ठशात अंगठीची खूण होती, वर चौकोनी खडा.

गावात अंगठी एकीच्याच बोटात होती. पाटलीणबाईंनी हात पदराखाली घेतला.

पाटील खाकरले. "झालं ते झालं. पण बाईमाणसाचं नाव घेऊन बोभाटा नको."

"खरं बोललात पाटील," हौसा म्हणाली. "आजपासनं बाईमाणसाचं नाव घ्यायचंच न्हाई. खैरोंडीत लोणचं बिघडलं तर दोष बाहुलीचा."

"पण मग बाहुलीला नाव काय द्यायचं?" सासूने विचारलं.

तेव्हा चिमाने गाठोडं खाली ठेवलं आणि जे नाव गावात कुणी घेत नव्हतं, ते मोठ्याने घेतलं. असं म्हणतात, देवळाची घंटा आपोआप वाजली. वारा असेल. मग आधी सासू हसली, मग सगळा गाव. चिमा तिथेच पायरीवर बसली आणि नणंदेने आणलेला तांब्या एका दमात रिकामा केला.

हौद त्याच दिवशी फोडला. झाडांवर कैऱ्या होत्या आणि अजून दहा-बारा दिवस ऊन होतं. बिघडलेलं खड्ड्यात पुरलं आणि सगळ्या गावाने मिळून पुन्हा घातलं, पाटलांच्या घरच्या तेलात. त्या पावसाळ्यात कुणी उपाशी राहिलं नाही. हौसा पुढे म्हातारी होऊन गेली. असं म्हणतात, तिच्या अंगावर घातलेल्या गोधडीत गावातल्या प्रत्येक घराचा तुकडा होता.

आता घरं सिमेंटची झाली, दारापर्यंत एसटी येते. तरी वैशाखात लोणचं घातलं की खैरोंडीची बाई आधी हौसाच्या नावाने चार बाहुल्या शिवते. जुन्या परकराच्या, पोरांच्या शाळेच्या सदऱ्याच्या, मिळेल त्याच्या. पोटात भाजलेलं मीठ. बाहेरची बसलेली सूनही त्यांना टाका घालते, तिला कुणी अडवत नाही.

माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातची बरणी फसफसली. मी घाबरून रडायला लागले. सासूबाईंनी दादरा सोडला, वास घेतला, नाक मुरडलं आणि वर टांगलेल्या बाहुलीकडे हात केला.

"रडतेस कशाला? तू नाही बिघडवलंस. बिघडवणारी ती बघ. गजराबाई पाटलीण."