कापलेली मुळे

समुद्राकाठच्या एका शहरात धाकोजी नावाचा एक माळी होता. राजरस्त्यावरच्या साऱ्या झाडांची देखभाल त्याच्याकडे होती. एका वर्षी तिथे भयंकर वादळ झाले. दिवसभर वारा घोंघावत राहिला. तो थांबला तेव्हा रस्त्यावरचे एकही झाड उभे नव्हते. तुळसा कासारणीच्या दुकानावर करंज कोसळला होता आणि तिचा नवरा त्याखाली चिरडून मेला होता.

लोक म्हणाले, दैवाचा कोप. धाकोजी मात्र आडव्या पडलेल्या झाडांकडे बघून गारठला. प्रत्येक झाडाच्या एका बाजूच्या मुळांवर करवतीच्या खुणा होत्या. ती मुळे त्यानेच कापली होती. चार वर्षांपूर्वी प्रधानाने रस्त्याला फरसबंदी करायला घेतली, तेव्हा ती आड येत होती. "काढून टाक," प्रधान म्हणाला होता. आता ही झाडे वाऱ्यापुढे टिकणार नाहीत, हे धाकोजीला तेव्हाच कळले होते. पण प्रधानापुढे त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

कुणी ती मुळे पाहील, या धास्तीने त्याने ओंडके मुळांसकट घाईघाईने उचलून गावाबाहेरच्या ओसाड किनाऱ्यावर टाकायला लावले. तुळसा समोरून दिसली की तो दुसऱ्या गल्लीत वळे.

महिन्याभराने प्रधानाने त्याला बोलावले.

"जत्रेआधी रस्ता हिरवा दिसला पाहिजे. रानातून मोठी झाडं आण. पण फरशी उखडायची नाही. हातभर खड्डे पुरेत."

"हातभर खड्ड्यात एवढं झाड तग धरायचं नाही, सरकार."

"जत्रेपुरतं धरेल ना? मग झालं."

धाकोजीने पुन्हा हुकूम मानला. दुसऱ्या दिवशी तो तुळसाच्या दुकानासमोर खणू लागला. ती बाहेर आली. दुकानभर बांगड्या होत्या, तिचे हात उघडे होते.

"धाकोजीदादा, हे पण पडेल का हो?" तिने हळूच विचारले. "माझी लेक इथंच खेळते."

धाकोजीच्या हातातली कुदळ थांबली. नाही म्हणावे असे फार वाटले.

"पडेल," तो म्हणाला. "आणि तुळसाबाई, आधीचं पडलं ते माझ्यामुळं."

त्याने सारे सांगितले. ती ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "मला सांगून काय होणार? राजाला सांगा."

धाकोजी दरबारात गेला. राजाच्या उजव्या हाताला प्रधान बसला होता. त्याच्यासमोरच धाकोजीने सारे सांगितले.

"खोटं बोलतोय हा!" प्रधान गरजला.

"महाराज, ओंडके किनाऱ्यावर पडलेत. मुळं बघून घ्या."

राजाने माणसे पाठवली. करवतीच्या खुणा सापडल्या आणि फरशी बसवणाऱ्या मजुरांनीही प्रधानाचा हुकूम ऐकल्याचे सांगितले. प्रधानाला त्याच दिवशी राज्याबाहेर जावे लागले. मग राजा धाकोजीकडे वळला.

"तू गप्प राहिलास म्हणून एक माणूस मेला. तुझं पद गेलं. आता मजूर होऊन तूच खड्डे खण. छातीएवढे."

फरशा उखडल्या. धाकोजीने एकेक खड्डा खणला आणि त्यात लहान रोप लावले. त्या वर्षी जत्रा उघड्या रस्त्यावर भरली.

दहा वर्षांनी एके दुपारी आभाळ काळवंडले आणि तसाच वारा सुटला. लोकांनी दारे लावून घेतली. धाकोजीला घरात बसवेना. तो धावत तुळसाच्या दुकानापाशी गेला आणि तिथल्या झाडाला पाठ लावून उभा राहिला. डोक्यावर फांद्या कडाकडा मोडत होत्या. पायाखालची माती उचलते आहे का, हे तो तळव्यांनी चाचपत होता.

"आत या, दादा!" तुळसा फटीतून ओरडली. "मराल!"

"पडलं तर आधी माझ्यावर पडू दे!"

सांजेला वारा पडला. रस्ताभर पाने आणि फांद्या विखुरल्या होत्या, पण एकही झाड उन्मळले नव्हते. धाकोजी बुंध्याशी मटकन बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडू लागला. तुळसाने दार उघडले, बाहेर येऊन त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तीही शेजारी बसली.

तात्पर्य: भीतीने लपवलेली चूक दुसऱ्याचा जीव घेते; पण भीत भीत का होईना, ती कबूल करणाऱ्यालाच ती सुधारता येते.