सात नकाशे

"तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता, असंच ना, उस्ताद?"

विसाजीनं दारातूनच विचारलं. माणूस जिंकून आलेला, पण चेहरा हरलेल्याचा.

उस्ताद नूरमहंमद ओसरीवर दगड घडवायच्या टाकीला धार लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आगीत शहराची मंडई जळाली, तेव्हा पंच थेट विसाजीकडे आले होते. उस्तादांचा पट्टशिष्य तो. दुसरं कोण बांधणार? पण उस्तादच आडवे आले. म्हणाले, "दवंडी पिटवा. ज्याला सुचेल त्यानं नकाशा आणावा."

सात नकाशे आले. महिनाभर धर्मशाळेच्या भिंतीवर टांगले गेले. शेवटी पंचांनी निवडला तो विसाजीचाच.

"व्हायचं तेच झालं. मग नवख्यांच्या रांगेत मला उभं कशाला केलंत?"

उस्ताद उठले.

"चल."

निकालाला तीन दिवस उलटले होते, तरी धर्मशाळेत माणसं होतीच. कोपऱ्यात कुणा खेड्यातल्या गवंड्यानं काढलेला एक ओबडधोबड नकाशा होता. त्याच्यासमोर एक भाजीवाली रिकामी पाटी कमरेवर घेऊन उभी होती.

"ह्यात आमच्या डोक्यावर छप्पर हाय," ती विसाजीला म्हणाली. तिनं त्याला ओळखलं नव्हतं. "जिंकलेल्यात कुठं दिसंना, दादा."

विसाजीनं घसा खाकरला. "त्यात... मोठी कमान आहे. चाळीस हात उंच."

"तिच्याखाली बसू देतील?"

विसाजी आपल्याच नकाशाकडे बघत राहिला. कमानीखालून पालख्या जाणार होत्या, घोडे जाणार होते. बसणारं माणूस त्यानं कुठंच धरलं नव्हतं.

"जल्म गेला उन्हात," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मला वाटायचं, मंडई म्हंजे ऊन असायचंच."

...

 मग विसाजीनं आपला नकाशा भिंतीवरून उतरवला आणि गुंडाळून काखेत धरला.

"उस्ताद, पाया उद्या खणायचा नाही. मला हा पुन्हा काढावा लागेल."



विसाजी भिंतीवर उरलेल्या सहा नकाशांकडे वळला. "हे ज्याचे त्याला परत धाडतो. निकाल तर लागला."

त्यानं हात उचलला, तसं उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. बाई अजून बघतायत."