कारवीचं माहेर

"डोंगरावरची सगळी कारवी मुळासकट उपटा आणि माझ्या बागेत लावा. इथं फुलली नाही, तर वाडीनं डोंगर सोडायचा!"

हा राजा हिरोजीचा हुकूम. आता राजाला कोण सांगणार, की बाबा रे, कारवी ही काही कुंडीतली तुळस नव्हे. सात वर्षांनी, जन्मात एकदाच फुलते, तीही डोंगरउतारावरच्या धुक्यात. मग बी टाकून वाळते. वाडीची माणसं त्या वाळक्या काठ्यांच्या भिंती विणतात आणि वर शेणमाती लिंपतात. बी पडायच्या आधीच कारवी उपटली, तर पुढच्या भिंती कशाच्या करायच्या? माळ्यानं आधी चार रोपं बागेत लावून बघितली होती. ती मेली. राजा म्हणाला, "एकटी पडली म्हणून मेली. सगळी आणा." घ्या, आहे का काही बोलायची सोय?

वाडीत रडारड झाली. नाचणी पिकवणाऱ्या धावजीची लेक गिरजा मात्र पदर खोचून उठली.

"राजवाड्यावर जाऊन येते, आबा."

"तोंड सांभाळ गं बाई," धावजी म्हणाला.

"तोंड सांभाळत बसले, तर डोंगर कोण सांभाळणार?"

दरबारात तिनं मुजरा केला. "महाराज, कारवी आणायला आम्ही तयार आहोत. कुदळी काढून ठेवल्यात. फक्त आधी राणीसाहेबांना माहेराहून बोलावून घ्या."

प्रधानजींना ठसका लागला.

"राणीसाहेबांचा इथं काय संबंध?" राजानं विचारलं.

"त्या आल्या, की त्यांच्या मागोमाग कारवी आणते."

"वेड लागलंय का तुला? त्यांना नववा लागलाय. अशा दिवसांत घाट उतरवायचा?"

"पालखीत मऊ गादी घालू की."

"गादीचं काय घेऊन बसलीस? पहिलं बाळंतपण माहेरीच होतं! तिथं त्यांची आई आहे. तिथल्या हवापाण्याची सवय आहे. तुमच्या घरात बाईमाणूस आहे की नाही? एवढी साधी रीत ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, महाराज. आमचीही एक लेक आहे, कारवी. सात वर्षं डोंगराच्या अंगाखांद्यावर वाढली. यंदा तिला दिवस गेलेत, कळ्या धरल्यात. तिचं तर हे पहिलं आणि शेवटचंच बाळंतपण. तिला मात्र घाट उतरवू म्हणता?"

प्रधानजी शेल्यात तोंड खुपसून हसत होते.

"बरं," राजा कुरकुरला, "पण मग मी फुलं बघायची कशी?"

"बाळ बघायला सासरच्यांनी माहेरी यायचं असतं." गिरजानं आवाज हळू केला. "आणि रिकाम्या हातांनी कुणी येत नाही."

राजा इतका हसला, की पागोटं घसरलं. "प्रधानजी, बघा, हिनं मला व्याही करून टाकलं! हुकूम मागं घ्या."

भाद्रपदात डोंगर निळाजांभळा झाला. राजा धापा टाकत घाट चढून आला, मागं बाळंतविडा घेतलेली माणसं. वाडीतल्या बायकांना लुगडी, पोरांना अंगडी-टोपडी आणि कारवी कायमची वाडीची, असा ताम्रपट.

गिरजानं सगळ्या टोपल्यांत डोकावून बघितलं. "डिंकाचे लाडू राहिले वाटतं?"

"कारवी लाडू खाते होय गं?" राजानं विचारलं.

"ती कशाला खाईल, महाराज? सुईणपण तर आम्ही केलं!"

राजा हसता हसता तिथंच धोंड्यावर बसला आणि संध्याकाळच्या आत अख्ख्या वाडीला पुरतील एवढे लाडू वर आणायला त्यानं माणसं पिटाळली.