हरलेला स्पीकर

आटपाट घर होतं. चूल एक, पण गाणी तीन. दोघा भावांच्या बंद खोल्यांत एकेक स्पीकर, तिसरा छोटा स्वयंपाकघरात. एकाने आवाज चढवला की बाकीचे त्याच्या वरताण करत.

एका सकाळी छोट्याला शेजारच्या मोरीतून हाक ऐकू आली. भावांचे वडील, भिकाजीनाना, घसरून पडले होते.

"दादांनो, गप्प बसा! नाना हाका मारताहेत," छोटा कळवळून म्हणाला.

"आधी तू बस!" खोल्यांतले दोघे स्पीकर गरजले.

छोटा तत्काळ गप्प झाला.

"हरला रे हरला!" म्हणत दोघे आणखी चढले. छोटा एकटाच ऐकत राहिला. हाका बारीक होत गेल्या.

दुपारी दोघांच्या बॅटऱ्या संपल्या. घर शांत झालं. मोरी केव्हाच शांत झाली होती.