गवताची पहिली गाठ

फार जुन्या काळी रानरेड्यांच्या दोन कळपांत युद्ध पेटलं आणि त्या तुडवातुडवीत नदीकाठच्या सगळ्या बाभळी आडव्या झाल्या. त्यांच्यावर घरटी विणणारे सुगरण पक्षी बेघर होऊन पलीकडच्या तळ्यावर आले. तिथं राज्य बगळ्यांचं.

सुगरणांचा म्हातारा तानबा म्हणाला, "मुखियासाहेब, पाण्यावर वाकलेली ती एक बाभूळ आणि थोडं गवत द्या. बाकी आमचं आम्ही बघू."

"गवत फक्त रहिवाशांना मिळतं," बगळ्यांचा मुखिया म्हणाला. "आणि ज्याचं इथं घरटं आहे, तोच रहिवासी."

"अहो, पण गवताशिवाय घरटं विणायचं कसं?"

"नियम म्हणजे नियम. तोवर त्या दगडांच्या कपारीत राहा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे!"

त्या चार दिवसांची सात वर्षं झाली. पिल्लं कपारीतच जन्मली, तिथंच वाढली. कुणी चोचीत काडी धरली की पहारेकरी बगळा टोच मारायचा.

आठव्या वर्षी मुखिया तपासणीला आला. त्यानं एका तरण्या सुगरणापुढे गवताची पात टाकली. "वीण बघू."

पोरानं पात उलटसुलट करून पाहिली. गाठ काही बसेना.

"बघा! हे सुगरण नाहीतच," मुखिया म्हणाला. "यांना बाभूळ कशाला हवी?"

तानबानं ती पात उचलली आणि सरळ बाभळीवर जाऊन बसला.

"रेड्यांनी आमची झाडं पाडली," तो कडाडला. "पण पोरांच्या चोचीतलं विणकाम तुम्ही मारलंत!"

पहारेकरी धावला. तानबानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"ये रे पोरा, नीट बघ. पहिली गाठ अशी मारायची."