भागोजीनं प्रोफाइलला फोटो लावला

वांगदरी गावात एक भोळा भागोजी राहायचा. बी.कॉम. झाला होता, पण भोळेपणात त्यानं काही फरक पडला नव्हता. शेजारच्या गावच्या शिवरामतात्यांनी सांगून ठेवलं होतं, "आधी नोकरी, मग आमची कुसुम." कुसुमचं नाव निघालं तरी भागोजीचे कान लाल व्हायचे.

पुण्याच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, फोनवर सल्ला दिला, "नोकरीच्या साइटवर प्रोफाइल काढ. फोटो टाक चांगला."

भागोजीनं टाकला. चुलतभावाच्या लग्नातला. एकतीस माणसं, दोन फेटे आडवे आणि मागं भागोजीचा एक कान.

"अरे येड्या, तू एकटा पाहिजेस! बाकीची माणसं कापून टाक."

"हे आधी सांगायचं ना, दाजी!"

रविवारी तात्यांनी त्याला घरच्यांसह चहाला बोलावलं. भागोजी एकटाच गेला.

"घरची माणसं कुठायत?"

"कापून टाकली. दाजी म्हणाले."

तात्यांच्या हातातली बशी पडली.

दाजी ओरडले, "ते फोटोत रे, फोटोत! आणि तिथं ठोंब्यासारखा बसला असशील. जरा हसावं. दात दिसू देत, लोकांना प्रसन्न वाटतं."

"हे आधी सांगायचं ना, दाजी!"

त्याच महिन्यात तात्यांची आई वारली. भागोजी दहाव्याला पहिल्या रांगेत बसला, बत्तीसच्या बत्तीस दात काढून. तात्यांच्या मेव्हण्यानं दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हाही दात तसेच.

"अरे गाढवा," दाजींचा आवाज पार बसला होता, "कुणी गेलं की मान खाली घालायची. 'फार वाईट झालं, सोन्यासारखा माणूस होता,' एवढंच म्हणायचं. आता ऐक. उद्या एका कंपनीचे साहेब तुझी प्रोफाइल बघणारेत. मी शब्द टाकलाय, नोकरी पक्की समज. फक्त फोटो असा लाव, की बघणाऱ्याचे हात जोडले गेले पाहिजेत."

भागोजीनं डोकं चालवलं. लोकांनी हात जोडलेले आपण कुठं बघितले? दहाव्याला. तात्यांच्या आईच्या फोटोपुढं.

त्यानं आपला फोटो चौकटीत बसवला. झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि त्या सगळ्याचा फोटो काढून साइटवर टाकला. तिथं कोण नीट बघतंय! तासाभरात एकशे बारा जणांनी लिहिलं, 'अभिनंदन! पुढील वाटचालीस शुभेच्छा!'

साहेबांनी मात्र नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भागोजी रणदिव्यांचं घर ना? आत्ताच फोटो पाहिला. काय हो हे अचानक?"

आवाज रडवेला होता. कुणीतरी गेलंय, भागोजीनं ओळखलं. त्यानं मान खाली घातली.

"फार वाईट झालं, साहेब. सोन्यासारखा माणूस होता."

"उद्यापासून कामावरच घेणार होतो हो त्यांना."

"फार वाईट झालं."

"आता त्या जागी दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

"बघा ना, साहेब. गेलेल्या माणसासाठी जागा कशाला अडवून ठेवायची?"

फोन ठेवला आणि भागोजीनं लगेच दाजींना लावला.

"दाजी, या वेळी एक चूक नाही! दातसुद्धा दाखवला नाही."